गल्लीतली गुन्हेगारी आणि दाद न देणारी कार्यालयं : कोल्हापूरकरांनी तक्रार कशी करावी, कशी लावून धरावी

पहाटे फिरायला निघालेल्या आजींच्या गळ्यातली बोरमाळ हिसकावली जाते. शाळेच्या मैदानावर मुलांना खेळण्याआधी फुटक्या बाटल्या वेचाव्या लागतात. कोपऱ्यावरचा दिवा महिनाभर बंद, आणि त्याच अंधारात लावलेल्या दुचाकींतून पेट्रोल गायब. मग तालमीत नाहीतर मंडळाच्या हॉलमध्ये बैठक होते. पोलीस काय करतात, महापालिका काय करते, नगरसेवक फक्त मतं मागायला येतात का, सगळे प्रश्न एकदम निघतात. दुसऱ्या दिवशी लोक निवेदन घेऊन जातात, फोटो पेपरात येतो, आठवडाभर गस्तीची गाडी दिसते आणि पुढच्या पंधरवड्यात पुन्हा तेच.

हा राग रास्त आहे. ज्या घरातली मुलगी क्लासवरून रात्री आठला परतते, त्या घराला तो रोज संध्याकाळी येतो. पण चोऱ्या, दारू, दिवे, भटकी कुत्री, पार्किंग असं सगळं एकाच निवेदनात लिहून एकाच साहेबांच्या हातात दिलं, की त्यातला बराचसा भाग दुसऱ्याच कुणाच्या अखत्यारीतला निघतो आणि कुणालाच उत्तर द्यावं लागत नाही. म्हणून तक्रार वेगळी करायची, ज्याची त्याला द्यायची, लेखी द्यायची, पोच घ्यायची आणि उत्तर मिळेपर्यंत एकेक पायरी वर जायचं. हे कसं करायचं ते खाली क्रमाने लिहिलं आहे. कोल्हापूरला आंदोलन शिकवायची गरज नाही. टोलविरोधी लढ्यातही रस्त्यावरच्या गर्दीसोबत रस्त्यांच्या कामाच्या फेरमूल्यांकनाची मागणी चिकाटीने लावून धरली होती. गल्लीच्या सुरक्षेसाठी तीच चिकाटी हवी.

१. आधी वही घाला

बैठकीत "रोज चोऱ्या होतात" असं सगळे म्हणतात. पोलीस ठाण्यात अधिकारी विचारतात, "किती? कधी? गुन्हा नोंद आहे का?" तिथं सगळे एकमेकांकडे बघतात. हे टाळायचं असेल तर पंधरा दिवस ते महिनाभर एक नोंदवही ठेवा. गल्लीतली एखादी नेमस्त व्यक्ती, शक्यतो दिवसभर घरी असणारी, ही जबाबदारी घेऊ शकते. नोंद अशी हवी: तारीख, वेळ, नेमकी जागा (जवळच्या खांबाचा क्रमांक किंवा दुकान), काय घडलं, कुणी पाहिलं, वाहन असेल तर नंबर, ११२ ला (पोलिसांच्या आपत्कालीन क्रमांकाला) फोन केला का आणि गाडी किती वेळात आली. "टवाळखोर बसले होते" हे लिहून काही हाती लागत नाही. "रात्री ९.४० ते ११.१५, मैदानाच्या दक्षिण फाटकाशी सहा-सात जण दारू पीत होते, दोन दुचाकी" असं लिहिलं तर गस्त कुठल्या वेळेला लावायची तेही त्यातूनच कळतं.

वहीत माणसाची कृती लिहा, जात किंवा गाव लिहू नका. "ते लोक अमुक समाजाचे, म्हणून चोरच" हे कोल्हापुरात तरी कुणी बोलू नये. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये, गुन्हेगार ठरवलेल्या जातींवरची हजेरीची सक्ती आपल्या संस्थानात बंद केली. देशभरातला गुन्हेगार जमाती कायदा त्यानंतर कितीतरी उशिरा, १९५२ मध्ये गेला.

फोटो, व्हिडिओ घरातून किंवा लांबून मिळाले तर ठेवा. पिणाऱ्यांच्या तोंडासमोर मोबाईल धरायला जाऊ नका. एकट्याने तर मुळीच नको.

२. कुठली तक्रार कुणाची

शहराचा मुख्य भाग शाहूपुरी, राजारामपुरी, लक्ष्मीपुरी आणि जुना राजवाडा या चार पोलीस ठाण्यांत वाटला आहे. आपली गल्ली नेमकी कुठल्या ठाण्यात येते ते आधी विचारून घ्या, आणि सोबत बीट अंमलदाराचं (आपला भाग ज्या पोलिसाकडे सोपवला आहे त्याचं) नाव आणि नंबरही मागा.

उपनगरांत गोंधळ जास्त आहे. हद्दवाढीचा वाद इतकी वर्षं भिजत पडल्यामुळे पाचगाव, उचगाव, उजळाईवाडी असे शहराला चिकटलेले भाग ग्रामपंचायतीत आहेत. पाचगावचा माणूस रोज शहरात कामाला येतो, पण त्याचं पोलीस ठाणं करवीर. उचगावसाठी गांधीनगर, उजळाईवाडीसाठी गोकुळ शिरगाव. तिथल्या दिव्यांची तक्रार महापालिकेत देऊन उपयोग नाही, ती ग्रामपंचायतीत द्यायची.

चोरी, मारामारी, छेडछाड, धमकी, मटका, उघड्यावर दारू पिणं हे पोलिसांचं काम. विनापरवाना दारूविक्री पोलीस आणि राज्य उत्पादन शुल्क विभाग या दोघांच्याही कक्षेत येते, म्हणून अर्ज दोन्हीकडे द्या. रस्त्यावरचे दिवे, मैदानाचं फाटक, वाढलेली झाडी, रिकाम्या प्लॉटमधला कचरा, फुटपाथवर सडणाऱ्या बेवारस गाड्या हे महापालिकेचं. सार्वजनिक रस्त्यांवर दिवाबत्ती ठेवणं हे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ नुसार पालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे. निधी नाही म्हणून टाळायचं काम ते नव्हे. दिव्याच्या बाबतीत एक खाचखळगा आहे. खांब आणि तारा बहुतेक ठिकाणी महावितरणच्या असतात आणि दिवा पालिकेचा. म्हणून अर्जात खांबाचा क्रमांक लिहा आणि "फक्त हा एक दिवा बंद आहे" की "पूर्ण ओळ बंद आहे" हेही लिहा. ओळच बंद असेल तर महावितरणच्या १९१२ वरही तक्रार नोंदवा.

३. घटना घडत असताना ११२

ओळखीच्या हवालदाराचा मोबाईल लावायची सवय आपल्याला आहे. तो माणूस चांगला असेल, येईलही. पण त्या फोनची कुठे नोंद होत नाही. ११२ वरच्या प्रत्येक कॉलची वेळ नोंदली जाते, गाडी कधी निघाली आणि कधी पोचली हेही राहतं. सहा महिन्यांनी "आमच्याकडे त्या भागातून तक्रारच नाही" असं उत्तर आलं, तर हीच नोंद कामी येते. म्हणून आधी ११२ आणि मग हवं तर ओळखीचा माणूस. ऑनलाइन पैशांची फसवणूक असेल तर १९३०, आणि तेही तासाभरात, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवता आले तरच परत मिळण्याची शक्यता राहते.

४. गुन्हा नोंदवणं

इथं जरा थांबून नीट वाचा, कारण सगळ्यात जास्त लोक याच पायरीवर परत फिरतात.

नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची (न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस ज्याचा तपास करू शकतात अशा गुन्ह्याची) माहिती मिळाली की ठाण्याला ती नोंदवून घ्यावीच लागते, मग घटना त्यांच्या हद्दीत घडलेली असो वा नसो. हद्द दुसऱ्याची असेल तर गुन्हा शून्य क्रमांकाने नोंदवून तिकडे पाठवायचा असतो. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. माहिती ऑनलाइन पाठवता येते, पण तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात हेच सांगितलं होतं: दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर नोंद ऐच्छिक नाही. एक अपवाद माहीत असू द्या. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेचा गुन्हा असेल तर उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची मुभा नव्या कायद्याने पोलिसांना दिली आहे. चौदा दिवसांनंतरही "चौकशी सुरू आहे" हे उत्तर चालत नाही.

मोबाईल चोरीला गेला की हमखास घडणारी गोष्ट म्हणजे "गहाळ" अशी नोंद. गर्दीत खिशातून काढून घेतलेला मोबाईल गहाळ झालेला नसतो, तो चोरलेला असतो. गहाळ नोंदीवर सिमकार्ड नवीन मिळतं आणि प्रकरण तिथंच थांबतं. गुन्ह्यांच्या आकड्यात आपल्या भागातली ती चोरी कधी दिसतच नाही, आणि आकड्यात न दिसलेल्या भागाला जादा गस्त मिळणार कशी? म्हणून अर्जात "चोरी" हाच शब्द वापरा. मोबाईलचा आयएमईआय क्रमांक द्या आणि केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तो ब्लॉकही करा. गळ्यातली साखळी हिसकावणं हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०४ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. "साधी चोरी" लिहून घेतली जात असेल तर हे कलम नम्रपणे दाखवा.

दुसरा शब्द "एनसी". शिवीगाळ, किरकोळ धक्काबुक्की यांची अदखलपात्र नोंद होते. तिची प्रत मिळते आणि लोक समाधानाने घरी जातात. पण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ नुसार अशा नोंदीवर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. तेव्हा मार लागला असेल तर ठाण्यातून चिठ्ठी घेऊन सीपीआर या सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्या, कारण जखम किती गंभीर यावर गुन्हा दखलपात्र ठरतो की नाही ते अवलंबून असतं. चाकू दाखवला असेल, दार फोडून घरात घुसले असतील, तर ते फिर्यादीत स्पष्ट आलंच पाहिजे. सही करण्याआधी फिर्याद पूर्ण वाचा. "तुम्ही सांगितलं तेच लिहिलंय" एवढ्यावर सही करू नका.

ज्येष्ठांना जबाबासाठी ठाण्यात खेटे घालायला लागू नयेत म्हणूनही तरतूद आहे. कलम १७९ नुसार साठीपुढच्या व्यक्तीला, महिलेला, पंधरा वर्षांखालच्या मुलाला, अपंग किंवा गंभीर आजारी माणसाला साक्षीदार म्हणून घर सोडून दुसरीकडे बोलावता येत नाही. जबाब घरी येऊन घ्यावा लागतो. पेठांतली कितीतरी वयस्कर मंडळी "नको ती ठाण्याची पायरी" म्हणून गप्प बसतात. त्यांना हे आवर्जून सांगा.

महिलांविरुद्धच्या लैंगिक गुन्ह्यांत फिर्याद महिला अधिकाऱ्याने नोंदवायची असते. अशा गंभीर गुन्ह्यांची माहिती नोंदवायला नकार देणं हाच भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ खाली गुन्हा आहे आणि त्याला किमान सहा महिन्यांची शिक्षा आहे. गल्लीच्या सामूहिक अर्जात पीडित मुलीचं नाव किंवा घराची खूण कधीही लिहू नका. तिची फिर्याद वेगळी आणि गोपनीय राहू द्या.

गुन्हा नोंदला की तपासी अंमलदाराचं नाव आणि गुन्हा क्रमांक टिपून ठेवा. तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ मध्ये तसं लिहिलं आहे. त्यामुळे नव्वदाव्या दिवशी जाऊन विचारायला संकोच वाटायचं कारण नाही.

५. ठाण्याला सामूहिक अर्ज

"योग्य ती कारवाई व्हावी" हे वाक्य निवेदनातून कायमचं काढून टाका. योग्य काय ते तुम्ही सांगा. नमुना असा:

*प्रति, पोलीस निरीक्षक, ______ पोलीस ठाणे, कोल्हापूर.*
*विषय : ______ मैदान परिसरात उघड्यावर मद्यपान व दहशतीबाबत.*
*महोदय, दि. __ ते __ या काळात वरील ठिकाणी घडलेल्या __ घटनांची तारीख-वेळेसह यादी सोबत जोडली आहे. यापैकी __ वेळा ११२ वर कळवले आहे. आमच्या मागण्या : (१) रात्री ९.३० ते ११.३० या वेळेत मैदानाच्या दोन्ही फाटकांवर पायी गस्त. (२) वारंवार दिसणाऱ्या व्यक्तींवर प्रतिबंधक कारवाई. (३) बीट अंमलदारांसह रहिवाशांची महिन्यातून एक बैठक. केलेली कार्यवाही पंधरा दिवसांत लेखी कळवावी.*

खाली दहा-पंधरा सह्या पुरेत, पण प्रत्येक सहीपुढे पूर्ण नाव आणि पत्ता हवा. पन्नास अस्पष्ट सह्यांपेक्षा, बोलावल्यावर येतील अशी दहा माणसं महत्त्वाची. दोन प्रती न्या. एकीवर आवक क्रमांक, शिक्का, तारीख घ्या. शिक्का देत नसतील तर तोच अर्ज पोस्टाने पोचपावतीसह पाठवा.

प्रतिबंधक कारवाई म्हणजे नेमकं काय, ते थोडक्यात. शांततेचा भंग होण्याची भीती असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली, आणि सराईतांसाठी कलम १२९ खाली, कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर बाँड (हमीपत्र) लिहून घेता येतो. त्यापुढे महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५५ ते ५७ खाली हद्दपारी, जिला आपण तडीपारी म्हणतो. ती जास्तीत जास्त दोन वर्षांची असते. "फाळकूटदादाविरुद्ध कोण साक्ष देणार?" हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो आणि तो खरा आहे. उघड साक्ष द्यायला लोक घाबरतात ही गोष्ट कलम ५६ मध्येच गृहीत धरली आहे. हद्दपारीच्या प्रस्तावात नाव उघड न करता गोपनीय जबाब घेतले जातात. ठाण्यातल्या अधिकाऱ्यांना भेटून, गल्लीतले दोन-तीन जण गोपनीय जबाब द्यायला तयार आहेत एवढं सांगितलं, तर अडलेला प्रस्ताव हलू शकतो. ही गोष्ट व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका.

६. महापालिका आणि नगरसेवक

दिवे, झाडी, फाटक यांचा अर्ज मुख्य इमारतीत देण्याआधी आपल्या विभागीय कार्यालयात द्या. गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि ताराराणी मार्केट अशी ती चार कार्यालयं आहेत. प्रत्येक बंद दिव्याचा खांब क्रमांक, किती दिवस बंद, आणि नोंदवहीतल्या कुठल्या घटना त्या अंधारात घडल्या, हे एकत्र लिहा. मैदानात रात्री जमणाऱ्यांना हटवायला पोलीस लागतात, पण ते पुन्हा जमू नयेत यासाठी दिवा आणि कुलूपबंद फाटक लागतं. माझ्या मते गल्लीच्या पैशाची आणि वेळेची पहिली गुंतवणूक इथंच व्हावी, कॅमेरे त्यानंतर. अंधारात साध्या कॅमेऱ्यावर नुसती सावली दिसते.

नोव्हेंबर २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर कित्येक वर्षं कारभार प्रशासकाकडे होता आणि "नगरसेवकच नाही, सांगायचं कुणाला" हे खरं होतं. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर ती सबब उरलेली नाही. पण आता बहुसदस्यीय प्रभाग आहेत, म्हणजे एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवायची सोय झाली. उपाय सोपा आहे: प्रभागातल्या सगळ्या नगरसेवकांच्या नावे एकच पत्र, सगळ्यांना एकाच वेळी बैठकीला बोलावणं, आणि कोण काय म्हणालं याचं इतिवृत्त लिहून त्यांनाच परत पाठवणं. मागणीही ठराविक हवी: या मैदानाच्या फाटकासाठी आणि चार दिव्यांसाठी प्रभाग निधीतून तरतूद.

७. उत्तर आलं नाही तर

ठाण्याने गुन्हा नोंदवला नाही, तर कलम १७३(४) नुसार तीच माहिती लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे पाठवा. कोल्हापुरात पोलीस आयुक्तालय नाही, जिल्ह्याचे प्रमुख अधीक्षकच आहेत. तिथूनही काही झालं नाही तर प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो आणि ते कलम १७५(३) खाली तपासाचे आदेश देऊ शकतात. ही पायरी वकिलाशिवाय चढू नये. महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कमी उत्पन्न असलेल्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलंच, तर १८ ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच कोल्हापुरातच सुरू आहे, मुंबईची वारी वाचते.

गस्त, दिवे, बैठका अशा तक्रारींसाठी न्यायालय लागत नाही. त्यासाठी लोकशाही दिन आहे, म्हणजे अधिकाऱ्यांनी नागरिकांच्या तक्रारी ऐकायचा ठरलेला दिवस: महिन्याचा पहिला सोमवार, जिल्हाधिकारी कार्यालयात आणि महापालिकेतही. अर्ज विहित नमुन्यात पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, त्यामुळे त्याच सकाळी निवेदन घेऊन गेलेल्यांचा अर्ज घेतला जात नाही आणि ते आणखी चिडतात. न्यायप्रविष्ट विषय तिथं चालत नाही हेही लक्षात ठेवा.

सोबत माहितीचा अधिकार वापरा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. "पोलीस का कारवाई करत नाहीत?" हा प्रश्न माहितीत बसत नाही. असं विचारा: "१ जानेवारी ते ३० जून या काळात ______ परिसरातून ११२ वर आलेल्या कॉलची संख्या, तारीख आणि प्रत्येकावर केलेली कार्यवाही, आमच्या दि. __ च्या अर्जावरील टिपणी आणि आदेशाची प्रत." तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे दुसरं. तपासाला बाधा येईल अशी माहिती ते नाकारू शकतात, पण आपल्याच अर्जाचं काय झालं हे नाकारण्यासारखं नाही.

राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण हे कोठडीतली मारहाण, खंडणी, भ्रष्टाचार अशा गंभीर गैरवर्तनासाठी आहे. गस्त कमी असल्याची तक्रार तिथं नेऊन वेळ घालवू नका.

८. रात्रीची गस्त घालणार असाल तर

चोरट्यांची अफवा उठली की तरुण काठ्या घेऊन बाहेर पडतात. उद्देश चांगला असतो. पण १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. ते भिक्षा मागून जगणाऱ्या डवरी गोसावी समाजातले, मंगळवेढ्याकडचे होते. आपल्या गल्लीत असं काही होण्यापेक्षा गस्त नसलेली परवडली.

गस्त घालायचीच तर ठाण्याला आधी लेखी कळवा, फिरणाऱ्यांची नावं आणि वेळा द्या, बीट अंमलदाराला पहिल्या रात्री बोलवा. हातात शिट्टी आणि बॅटरी असावी, हत्यार असू नये. अनोळखी माणूस दिसला तर अंतरावरून विचारा आणि ११२ लावा. डोळ्यांदेखत अजामीनपात्र दखलपात्र गुन्हा करणाऱ्याला नागरिक पकडू शकतो, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४० तशी मुभा देतं, पण सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावंच लागतं. मारहाण केली तर पकडणाराच आरोपी होतो. संशयिताचा फोटो ग्रुपवर फिरवू नका, तो पोलिसांना पाठवा.

९. साहेब बदलले की

ठाण्याचे निरीक्षक साधारण दोन वर्षांत बदलतात. ज्यांनी बैठक घ्यायचं कबूल केलं होतं ते जातात, नवे येतात आणि रहिवासी पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगत बसतात. म्हणून वही, शिक्के मारलेल्या प्रती, एफआयआर, इतिवृत्तं, माहिती अधिकाराची उत्तरं हे सगळं एका फाईलमध्ये तारखेनुसार लावा आणि तिची झेरॉक्स दुसऱ्या घरात ठेवा. नवे अधिकारी रुजू झाले की पहिल्या आठवड्यातच चार जण, त्यात दोन महिला, भेटायला जा. फाईलचं एकपानी टिपण द्या: किती अर्ज, काय झालं, काय बाकी आहे, पुढची बैठक कोणत्या तारखेला. आणि त्या टिपणाच्या प्रतीवरही शिक्का घ्या.